दोघांची होडी

मागच्या रविवारी पुण्याहून मित्राचा फोन आला. "काय रे, काय चाललंय?" म्हटलं, होडी घेतली. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "लेका, एवढे पैसे झाले तुझ्याकडे?"

त्याच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र यॉट, गॉगल, हातात ग्लास वगैरे उभं राहिलं असणार. त्याला समजावून सांगावं लागलं की बाबा रे, ही होडी लांबीला जेमतेम एखाद्या मारुती स्विफ्टएवढी. इंजिन नाही, छप्पर नाही, बसायला धड जागा नाही. वय माझ्यापेक्षा थोडंसंच कमी. आणि महिन्यातून एकदा तरी ती मला थंडगार पाण्यात बुचकळून काढणार, हे नक्की. "मग घेतलीस कशाला?" या त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर काही नीट देता आलं नाही. म्हणून हा सगळा प्रपंच.

आम्ही राहतो इंग्लंडच्या मधोमध, समुद्रापासून शक्य तितकं लांब. पण या देशात जमिनीतून वाळू-खडी काढून झाली, खड्ड्यात पाणी भरलं, की त्याच्या काठावर एक सेलिंग क्लब उगवतो. आमचा क्लब असाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पंधरा मिनिटांत जाता येईल एवढं तळं आणि तीन बाजूंना झाडी. लहानपणी सिंहगडावर जाताना खडकवासल्याच्या पाण्यावर लांबून एनडीएच्या कॅडेट्सच्या होड्यांची शिडं दिसायची. तेव्हा वाटायचं की ही काही आपल्यासारख्यांची भानगड नव्हे. आपलं काम म्हणजे गड चढायचा आणि वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणायचं. पण लेक नऊ वर्षांची असताना तिला या क्लबात शिकायला घातलं. काठावर बसून थंडीत कुडकुडण्यापेक्षा पाण्यात कुडकुडलेलं बरं, म्हणून मीही शिकलो. पुढे बायकोनेही सुरुवातीचा कोर्स केला, पण शर्यतींच्या वाटेला ती कधी गेली नाही. का, ते पुढे येईलच.

आमची पहिली होडी होती आरएस फेवा. ३.६४ मीटर लांब, ६३ किलोची, जाड प्लास्टिकची, कुठेही आपटली तरी न फुटणारी. दोन पोरं किंवा एक पोर आणि एक पालक यांच्यासाठी अगदी झकास. पण आता लेक १६ वर्षांची, ५२ किलो. मी ८४ किलो (दिवाळीनंतर ८५). दोघं बसलो की फेवा बिचारी म्हशीसारखी पाण्यात डुंबायला लागते. तेव्हा नवीन होडी घ्यायची ठरली. म्हणजे मी ठरवली. आणि सॉफ्टवेअरवाला माणूस काहीही ठरवताना जे करतो तेच केलं: एक्सेल शीट उघडली.

पुढे जाण्याआधी ज्यांनी कधी शिडाच्या होडीत पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. (बाकीच्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.)

दोघांच्या शर्यतीच्या होडीत, म्हणजे डिंगीत, एक हेल्म असतो आणि एक क्रू. हेल्म मागे बसतो, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात मोठ्या शिडाचा दोर. क्रू त्याच्या पुढे. पुढचं छोटं शीड, होडीच्या पोटातून खाली जाणारी फळी वर-खाली करणं, आणि मुख्य म्हणजे आपलं वजन योग्य वेळी योग्य जागी नेणं ही सगळी क्रूची कामं. हेल्मला सुकाणूवाला म्हणता येईल, पण क्रूला मराठी शब्द काही मला सापडत नाही. खलाशी म्हटलं की हुकूम ऐकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. (बऱ्याच होड्यांत तसंच असतं म्हणा.)

आता यातलं गणित. वारा शिडावर दाबतो आणि होडी आडवी करायला बघतो. मोठ्या यॉटच्या तळाशी शिशाचं नाहीतर लोखंडाचं वजन असतं, ते तिला उभी ठेवतं. डिंगीला असं काही नसतं. तिथे वजन म्हणजे तुम्ही दोघं. पण नुसतं वजन नाही, वजन गुणिले अंतर. म्हणून वारा वाढला की दोघं काठावर बसून पाय आतल्या पट्ट्यांत अडकवतात आणि बाहेर झुकतात. याच्या पुढची पायरी म्हणजे ट्रॅपीझ. डोलकाठीवरून खाली येणारी तार कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, काठावर तळपाय रोवायचे आणि सगळं शरीर पाण्यावर झोकून द्यायचं. ५२ किलोचा क्रू ट्रॅपीझवर गेला की काठावर बसलेल्या त्याच्याहून बऱ्याच जड माणसाचं काम करतो. दुसरी गोष्ट स्पिनेकर. वारा मागून असताना पुढे फुगणारं तिसरं, मोठं, रंगीबेरंगी शीड. वेग वाढतो, दोर वाढतात आणि गोंधळ तर विचारूच नका.

तर माझ्या शीटमध्ये होत्या या होड्या.

एन्टरप्राइज. १९५६ सालची, जॅक होल्ट या इंग्लिश माणसाने काढलेली. तेव्हा न्यूज क्रॉनिकल नावाच्या वर्तमानपत्राने हिचा पुरस्कार केला होता. सामान्य माणसाला परवडेल आणि घरच्या घरी बांधता येईल अशी होडी, ही कल्पना. ४.०४ मीटर, रिकामी होडी साधारण ९० किलो. दोनच शिडं, तीही निळी. ट्रॅपीझ नाही, स्पिनेकर नाही. आजवर २० हजारांहून जास्त बांधल्या गेल्या आहेत. माझ्या शीटवर 'आधुनिकता' या रकान्यात हिला दहापैकी दोन.

जीपी-१४. याच होल्टची, १९४९ ची, नावाप्रमाणे १४ फुटी. शिडावर घंटेचं चित्र. प्रशस्त, समजूतदार, घरातल्या मोठ्या काकूंसारखी. पण वजन १३० किलोच्या वर. पाण्यात काही वाटत नाही, उतारावरून वर ओढताना सगळं कळतं.

फोर-ट्वेंटी. १९५९, फ्रान्स. ४.२० मीटर म्हणून ४२०. ८० किलो, ट्रॅपीझ आहे, स्पिनेकर आहे, आणि हलक्याफुलक्या तरुण जोड्यांसाठी जगभर शाळा-कॉलेजांतून वापरतात. हिचा एकच दोष: "मी चारसोबीस घेतली" असं पुण्यात सांगायची सोय नाही. (दंड संहितेतलं ते कलम २०२४ मध्ये इतिहासजमा झालं, पण शब्द काही जायचा नाही.)

फोर-सेव्हंटी. फ्रेंचच, आंद्रे कोर्नू यांनी १९६३ साली काढलेली. ४.७० मीटर, १२० किलो, ट्रॅपीझ आणि मोठा स्पिनेकर. १९७६ पासून ऑलिम्पिकमध्ये.

फायरबॉल. पीटर मिल्न, १९६२. पुढचं टोक निमुळतं नसून कापल्यासारखं चपटं. दिसायला पाट, पळायला हरीण. हिच्याबद्दल मला उगाचच जिव्हाळा, कारण १९८२ च्या एशियाडमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. खेळ दिल्लीचे असले तरी शिडाच्या शर्यती झाल्या आपल्या मुंबईत.

आरएस २००. १९९५, फिल मॉरिसन. चार मीटर, ७८ किलो. ट्रॅपीझ नाही, पण पुढच्या दांडीवर एका दोराने झपकन बाहेर येणारा नव्या पद्धतीचा स्पिनेकर आहे. इंग्लंडात नवरा-बायकोच्या जोड्यांची आवडती.

आणि ट्वेंटीनायनर. ऑस्ट्रेलियाच्या ज्युलियन बेथवेट यांची, १९९० च्या दशकाच्या शेवटची. सिडनी २००० पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या फोर्टीनायनरची धाकटी बहीण. अरुंद, हलकी, आणि थांबली की पडणारी. सायकलसारखं आहे, चालू असेल तोवरच तोल.

प्रत्येक होडीला वेग, किंमत, वजन, दुरुस्ती, आधुनिकता, पुन्हा विकताना मिळणारी किंमत अशा बारा रकान्यांत गुण. प्रत्येक रकान्याला भारांक. पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा एन्टरप्राइज वर आली. मला ते पटलं नाही. मग 'वेग' या रकान्याचा भारांक थोडा वाढवला. मग आरएस २०० वर आली. मग 'तांत्रिक आव्हान' असा एक नवीन रकाना घातला. (ऑफिसात कुठलं टूल घ्यायचं याची तुलना कधी केली असेल तर तुम्हाला हा प्रकार चांगला ठाऊक असेल. उत्तर आधी ठरलेलं असतं, शीट नंतर बनते.) शेवटी फोर-सेव्हंटी पहिली आली. ८४ अधिक ५२ म्हणजे १३६ किलो, आणि फोर-सेव्हंटीला साधारण ११० ते १४५ किलोची जोडी चालते. हेल्म मी, ट्रॅपीझवर लेक. सगळं कसं बसत होतं. शिवाय ऑलिम्पिक! मी शीट सेव्ह केली.

नशीब एवढंच की लगेच विकत घेतली नाही. ओळखीच्या एका गृहस्थांकडे एक जुनी फोर-सेव्हंटी होती, ती एका रविवारपुरती मागून आणली.

त्या दिवशी वारा बऱ्यापैकी होता, पण आमच्या तळ्यावर वारा कधी सरळ येत नाही. झाडांवरून उडी मारून येतो. दहा सेकंद जोरात, पाच सेकंद गायब, मग दुसऱ्याच दिशेने. आणि तळं एवढंसं असल्यामुळे जरा वेग घेतला की समोर काठ. म्हणजे पुन्हा वळा. दर वळणाला लेकीने तारेतून सुटायचं, शिडाखालून वाकून पलीकडे जायचं, दुसरी तार अडकवायची, बाहेर झोकायचं, तोवर वारा गायब. वारा गेला की होडी तिच्या बाजूला कलणार आणि ती पाठीवर थेट पाण्यात. असं तीनदा झालं. चौथ्यांदा हुक अडकायला उशीर झाला, जोराचा झोत आला आणि आम्ही उलटलो. यात विशेष काही नाही, डिंग्या उलटतातच. लेक शांतपणे पोहत फळीकडे आली, तिच्यावर उभी राहिली, होडी सरळ केली. तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं.

मी काय करत होतो? ओरडत होतो. "आधी हुक लाव! अगं पलीकडचा दोर! तो नाही, तो नाही! किती वेळा सांगितलं!" पाण्यावर आवाज फार लांब जातो हे मला काठावर आल्यावर लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

कपडे बदलून आलो, चहा घेतला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, होडीत बसलास की तू वेगळाच माणूस होतोस." रागाने नाही. हवामान सांगावं तसं.

मी म्हटलं, अगं होडी नवीन होती, सवय नव्हती. ती म्हणाली, "फेवातही होतोस. मी बोलले नाही एवढंच."

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. शीट उघडीच होती. तिने खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?" मी बोट ठेवलं. ओळ चौथी: क्रूचं वजन, ५२. ती हसली. "म्हणजे मी ५२ किलो." आणि झोपायला गेली.

आता माझं या विषयावरचं मत सांगतो. त्या ५२ मधूनच ते निघालंय.

दोघांच्या होड्यांची तुलना करणारं पुष्कळ साहित्य आहे. लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ, सगळं मिळतं. पण त्यात 'दोघं' हे गृहीत धरलेलं असतं. अमुक इतके किलो, त्यातला एक मागे, एक पुढे. माझं म्हणणं असं की होडी हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'दोघं कोण' हा. आणि त्याचं उत्तर वजनात नाही. ही दोन माणसं एकमेकांना काय विचारू शकतात, काय सांगू शकतात, आणि चुकलं की काय होतं, यात ते आहे. ट्रॅपीझ आणि स्पिनेकर असलेल्या होडीत चूक एका सेकंदात पाण्यात नेते. बापाचा आवाज चढणारा असेल तर ती होडी त्या जोडीसाठी चुकीची, मग १३६ किलो कितीही बरोबर बसोत.

"ऑलिम्पिकची होडी ती, तिथे आरडाओरडा चालायचाच" असं कोणी म्हणेल. पॅरिस २०२४ मध्ये फोर-सेव्हंटी पहिल्यांदाच मिश्र जोडीसाठी होती, एक पुरुष, एक स्त्री. शर्यती मार्सेलला झाल्या. सुकाणू कोणी धरायचं हे नियमात नव्हतं. सुवर्ण मिळवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या जोडीत सुकाणू लारा फादलाउ हिच्या हातात होतं, ट्रॅपीझवर लुकास मेअर. रौप्य मिळवणाऱ्या जपानच्या जोडीत नेमकं उलट, हेल्म केइजू ओकादा, ट्रॅपीझवर मिहो योशिओका. एकच होडी, एकच पाणी, दोन जोड्यांनी दोन वेगळी उत्तरं काढली आणि दोन्ही बरोबर. माझ्या शीटमध्ये मात्र 'हेल्म: मी' हे इतकं गृहीत होतं की त्याला रकानासुद्धा नव्हता.

एकदा 'दोघं कोण' हे ठरलं की बाकीचे प्रश्न सोपे होतात. मी तीन विचारले.

एक, पाणी कुठलं? आमच्यासारख्या झाडीतल्या छोट्या तळ्यावर पटकन वळणारी, मंद वाऱ्यातही चालणारी छोटी होडी बरी. फोर-सेव्हंटी, फायरबॉल, ट्वेंटीनायनर यांना मोकळं मोठं पाणी लागतं. नाहीतर गल्लीत बुलेट चालवल्यासारखं होतं, आवाज फार आणि मजल काही नाही.

दोन, बाकीचे काय चालवतात? एकाच प्रकारच्या पाच-सहा होड्या असल्या की जो पुढे तो पुढे, हिशेब संपला. वेगवेगळ्या असतील तर हँडिकॅप लागतो. इथे त्याला पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणतात. प्रत्येक होडीला एक अंक. लागलेला वेळ भागिले तो अंक, गुणिले हजार. एन्टरप्राइजचा अंक ११२० च्या आसपास, आरएस २०० चा १०४५ च्या आसपास. म्हणजे एन्टरप्राइजला शर्यतीला एक तास लागला, तर आरएस २०० ने ती ५६ मिनिटांत संपवली की बरोबरी. न्याय्य आहे, वाद नाही. पण शेजारच्या होडीच्या नाकाला नाक लावून जिंकण्याची मजा गुणाकार-भागाकारात नाही. आमच्या क्लबात पाच एन्टरप्राइज आहेत. ट्वेंटीनायनर शून्य.

तीन, ओढणार कोण? पाण्यातला एक तास सगळ्यांना दिसतो. त्याच्या आधीचा पाऊण तास, म्हणजे डोलकाठी, दोर, ट्रॉली, आणि नंतरचा चिखलातून वर ओढायचा कार्यक्रम कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. ज्या होडीची तयारी करायला कंटाळा येतो ती होडी जून महिन्यातसुद्धा ताडपत्रीखालीच राहते. क्लबाच्या आवारात अशा होड्यांची रांग आहे. त्यांतली प्रत्येक होडी कोणाच्या तरी शीटमध्ये पहिली आली असणार.

लेकीला मी दुसऱ्या आठवड्यात विचारलं, खरंच विचारलं, की तुला काय हवंय? तिचं उत्तर तयार होतं. तासाभराच्या अंतरावर मोठा जलाशय आहे, तिथे तरुण मुलांसाठी वर्ग चालतात, होड्या भाड्याने मिळतात. तिची एक मैत्रीण येणार होती, ५६ किलोची. दोघी मिळून १०८. मी लगेच (सवय जात नाही) म्हटलं, मग तुमच्यासाठी फोर-ट्वेंटी एकदम योग्य, ट्वेंटीनायनरला थोडं वजन कमी पडेल. ती म्हणाली, "हो, पण मी आधी तिला विचारते तिला कुठली आवडते."

हे वाक्य तिने सहज म्हटलं. मी सात वर्षं होडीत बसतोय, मला एकदाही सुचलं नव्हतं.

दोघींनी ट्वेंटीनायनर निवडली. एक शनिवार ही हेल्म, पुढचा शनिवार ती. पहिल्या दिवशी अकरा वेळा उलटल्या. मी काठावर थर्मास घेऊन बसलो होतो, मोजत होतो, आणि माझ्या शीटप्रमाणे फोर-ट्वेंटीच बरोबर होती हे मनातल्या मनात सिद्ध करत होतो. मग पाण्यावरून हसण्याचा आवाज आला. म्हटलं ना, पाण्यावर आवाज फार लांब जातो. त्यानंतर मोजणं बंद केलं.

दोन वर्षांत ती युनिव्हर्सिटीत जाईल. या दोन वर्षांत बापलेकीने एकत्र काहीतरी करावं म्हणून तर मी होडी शोधत होतो, हे मी शीटमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर कदाचित कळलं असतं की तासभर जाताना आणि तासभर येताना गाडीत जे बोलणं होतं, ते फोर-सेव्हंटीत कधीच झालं नसतं. असो.

राहता राहिला आमच्या तळ्याचा प्रश्न. फेवा एका सात वर्षांच्या मुलाच्या आईला विकून झाली होती, आणि रविवार रिकामे. बायकोला म्हटलं, येतेस का? तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "एक अट. सुकाणू माझ्या हातात." मग ती पुढे म्हणाली की इतकी वर्षं शर्यतीत न येण्याचं कारण थंडी नव्हतं.

एन्टरप्राइज घेतली. जुनी, लाकडी, काही शे पौंडांत, क्लबातल्याच एका आजोबांकडून. त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला म्हणून विकली. त्यांनी वार्निश इतकं जपून ठेवलंय की पहिल्या दिवशी बूट घालून चढायला संकोच वाटला. तोटे आहेतच. उलटली की निम्मी पाण्याने भरून वर येते आणि बालदीने उपसत बसावं लागतं. आम्ही दोघं मिळून १४५ किलो, म्हणजे मंद वाऱ्यात जडच. पाच शर्यती झाल्या. तीनदा शेवटचे, दोनदा शेवटून दुसरे (त्यातल्या एकदा आमच्या मागचे उलटले होते).

पण एक सांगतो. आता मी पुढे बसतो. पुढे बसलं की हेल्मला शिडामुळे जे दिसत नाही ते दिसतं: पाण्यावर काळपट सुरकुती उठते आणि सरकत येते, तो पुढचा वाऱ्याचा झोत. दुसऱ्या शर्यतीत बायकोने विचारलं, "कुठून येतोय?" मी म्हटलं, डावीकडून, त्या विलो झाडाखालून, अजून दहा सेकंद. तिने सुकाणू थोडं वळवलं, मी बाहेर झुकलो आणि होडी न कलता पुढे सटकली. एवढंच.

हाच प्रश्न मी माझ्या क्रूला सात वर्षांत एकदा तरी विचारायला हवा होता. तिला तर सगळं दिसत होतं.

पुण्याच्या मित्रा, कशाला घेतली याचं उत्तर हे एवढंच आहे. आणि तू कधी अशी दोघांची होडी बघायला गेलास, तर शीट घरी ठेव आणि ज्याच्याबरोबर बसणार आहेस त्याला घेऊन जा. त्याला आधी बसू दे. मागे बसतो की पुढे, ते बघ. मग किंमत विचार.

या रविवारी अंदाज मंद वाऱ्याचा आहे. लेक म्हणाली, तिचा वर्ग नाही, ती येईल. एन्टरप्राइज तिघांची नाही, तेव्हा कोणीतरी एक काठावर थर्मास घेऊन बसणार. बहुतेक मीच. :-)